बावीस एमबीची रोजकीर्द

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. आदल्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, तीन पंगती. सगळं आवरून पाठ टेकायला बारा वाजून गेले होते. पहाटे पावणेचारला ऑफिसच्या चौकीदाराचा फोन आला.

"सर, बेसमेंटात पानी भरून राहिलं. गुडघ्याच्या वर आलं."

त्या रात्री नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत घुसली. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या आणि लोकांना काढायला बोटी आणाव्या लागल्या. आमचं ऑफिस अंबाझरीपासून फार लांब नाही. सर्व्हर पहिल्या मजल्यावर कोरडा होता, पण त्याला जपणारा यूपीएस बेसमेंटमध्ये होता. चार वाजून पाच मिनिटांनी तो बुडाला आणि १८० जणांची मेल असलेला सर्व्हर, कुणी न सांगता, कुणी बंद न करता, जागच्या जागी विझला.

मी एकोणीस वर्षं या शहरात कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो आहे. असा अचानक विझलेला सर्व्हर दोनदा नीट जवळून पाहिला, एकदा २०१३ मध्ये आणि एकदा त्या पुरात. पहिल्या वेळी तो सावरताना मी चुकलो, दुसऱ्या वेळी नाही. दोन्हींमधून जे हाती लागलं ते इथे लिहितो.

१. खाली उतरू नका.

चौकीदार फोनवर म्हणत होता, "मी जाऊन यूपीएस बंद करून देतो न सर." मी त्याला ओरडूनच थांबवलं. आमच्या यूपीएसला १२ व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या होत्या, म्हणजे १९२ व्होल्ट. बाहेरची लाइन गेली तरी हा दाब बॅटऱ्यांत तसाच असतो, त्याला मेन स्विच बंद करून काही होत नाही. पाण्यात उभ्या माणसाला तेवढा पुरे. त्याला मी जिन्यातून वर जाऊन दार लावून बसायला सांगितलं. त्या पुरात शहरात माणसं दगावली. सर्व्हरची काळजी मला त्यानंतर वाटू लागली, आणि हाच क्रम बरोबर आहे असं मी आजही मानतो.

२. लॉग म्हणजे रोजकीर्द, डेटाबेस म्हणजे खतावणी.

माझे वडील इतवारीत एका धान्याच्या पेढीवर मुनीम होते. दिवसभरात जो व्यवहार होईल तो आधी रोजकीर्दीत उतरायचा, घडला त्या क्रमाने. मग सवड मिळेल तशी त्याची खतावणी व्हायची, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर तो चढायचा. एखाद्या वर्षी खतावणीचं पान फाटलं किंवा भिजलं तर वडील घाबरायचे नाहीत. मागची शिल्लक आणि रोजकीर्द हातात असली की ते नवं पान लिहून काढायचे. रोजकीर्दीचं पान हरवलं तर मात्र त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

मेल सर्व्हर अगदी असाच चालतो. मी वापरत होतो तो मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज. त्यात मेल आली की ती आधी लॉगच्या फाइलीत लिहिली जाते. लॉगची एकेक फाइल १ एमबीची, ती भरली की पुढची. मोठ्या डेटाबेसच्या फाइलीत तो बदल नंतर, थोडा उशिराने चढतो. तोवर तो मेमरीत असतो. लाइन गेली की मेमरीतलं पुसलं जातं, डेटाबेस अर्धा जुना अर्धा नवा असा अडकतो, पण रोजकीर्द डिस्कवर लिहिलेली असते. सर्व्हर पुन्हा उठला की ती वाचून राहिलेली खतावणी पूर्ण करतो. आधी लिहा, मग चढवा, ही रीत डेटाबेसच्या जगात जुनी आहे. तिचं पक्कं शास्त्र १९९२ मध्ये आयबीएमच्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' या नावाने मांडलं. मोहन मूळचे आयआयटी मद्रासचे. मी तो निबंध पुष्कळ उशिरा वाचला. वाचताना मला वडिलांची लाल कापडी बांधणीची वही दिसत होती.

हे एवढं २०१३ मध्ये मला समजलेलं असतं तर पुढचा मुद्दा लिहावा लागला नसता.

३. दुरुस्तीचं बटण सगळ्यात शेवटी.

२०१३ चा मे महिना नागपूरकर विसरलेले नाहीत. २३ मे रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्याच आठवड्यात मी एका कारखान्याचा सर्व्हर सांभाळत होतो. दुपारी लाइन गेली. यूपीएसने वीस मिनिटं द्यायला हवी होती, दोन मिनिटंही दिली नाहीत. लाइन परत आली, सर्व्हर चालू झाला, पण डेटाबेस काही माउंट होईना, म्हणजे वापरासाठी उघडेना.

मी काय केलं? इंटरनेटवर पहिलं जे दिसलं ते केलं. एक्स्चेंजबरोबर 'ईएसईयूटिल' नावाचं एक अवजार येतं. त्याला 'पी' हा पर्याय देऊन चालवलं. 'पी' म्हणजे रिपेअर. चालवण्यापूर्वी पडद्यावर एक चौकट येते. ती साफ सांगते की ही दुरुस्ती लॉगमधली माहिती डेटाबेसमध्ये घेणार नाही आणि माहिती गमावली जाऊ शकते. मी ती न वाचता ओके दाबलं.

'रिपेअर' हा शब्द फसवा आहे. हे अवजार पानं दुरुस्त करत नाही. जे पान वाचता येत नाही ते काढून टाकतं आणि उरलेली पानं एकमेकांना जुळतील अशी लावून देतं. फाटलेलं पान फेकून वही पुन्हा शिवली, असा तो प्रकार. ६४ जीबीच्या डेटाबेसला तेरा तास लागले. त्यानंतर 'डी' पर्यायाने फाइल नव्याने बांधायची होती, त्याला डेटाबेसच्या ११० टक्के जागा मोकळी लागते. ती नव्हती. भर दुपारी सीताबर्डीला जाऊन डिस्क विकत आणली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डेटाबेस माउंट झाला आणि मला वाटलं, जिंकलो.

खरेदी विभागातल्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या मेलबॉक्समध्ये २००६ पासूनच्या परदेशी पुरवठादारांचा एक फोल्डर होता. फोल्डर होता, आत मेलच्या ओळीही होत्या. त्यांनी एका ओळीवर क्लिक केलं, समोर पांढरा पडदा. दुसऱ्या ओळीवर केलं, पांढरा. पाच-सहा वेळा करून त्यांनी माउसवरून हात काढला आणि म्हणाल्या, "सगळंच गेलं का रे?"

मी 'बघतो' म्हणालो. त्या क्षणी 'हो' म्हणायला हवं होतं. तो होकार गिळल्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुकची जी प्रत साठत असे, तिच्यातून शेवटच्या वर्षभराचं तेवढं निघालं.

'पी' चालवावाच लागतो अशी वेळ येते, मी ती नाकारत नाही. बॅकअप नाही, लॉगही नाहीत, तेव्हा दुसरा मार्ग उरत नाही. पण त्यानंतर तो डेटाबेस वापरत राहू नये. आता मायक्रोसॉफ्टचंही म्हणणं हेच आहे, की मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवा आणि जुना मोडीत काढा.

४. आधी प्रत.

पुराच्या वेळी रविवारी सकाळी, भाड्याचा जनरेटर लावून आम्ही सर्व्हर उठवला. त्याआधी नेटवर्कची केबल काढून ठेवली होती, म्हणजे बाहेरून नवी मेल येऊन गोंधळात भर पडणार नाही. आमचे दोन डेटाबेस होते. पहिला आपोआप सावरला आणि माउंट झाला. दुसरा, २१० जीबीचा, नाही झाला.

मी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलो. मग बाहेरची डिस्क लावली आणि डेटाबेसची फाइल, लॉगचा सगळा फोल्डर, चेकपॉइंटची छोटी फाइल, सगळ्याची जशीच्या तशी प्रत घेतली. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मालकांचे चार फोन आले. त्यांना मी एवढंच सांगितलं की प्रत पूर्ण झाल्याशिवाय मी कशालाही हात लावणार नाही. ते थांबले. पुढे काहीही बिघडवलं तरी परत याच जागी येता येईल, ही खात्री हातात आली की डोकं थंड राहतं.

५. अवजार काय सांगतं ते अक्षर न अक्षर वाचा.

त्याच ईएसईयूटिलला 'एमएच' हा पर्याय दिला की ते डेटाबेसला हात न लावता नुसती त्याच्या पहिल्या पानावरची नोंद दाखवतं. आमच्या फाइलवर लिहिलं होतं, स्थिती 'डर्टी शटडाउन'. हा शब्द पाहून नवीन मुलांचा धीर सुटतो. त्याचा अर्थ फाइल खराब झाली असा नाही. खतावणी अर्धी राहिली आहे, एवढाच आहे. खरी ओळ त्याच्या खाली असते, 'लॉग रिक्वायर्ड'. आमच्याकडे तिथे आकडा होता ८४२१३ ते ८४२३४. म्हणजे बावीस लॉग. २१० जीबीचा डेटाबेस उठायला त्याला मागची फक्त २२ एमबीची रोजकीर्द हवी होती.

आता एक बारकावा. अवजार आकडा दशमानात दाखवतं आणि पुढे कंसात षोडशमानात. लॉगच्या फाइलींची नावं मात्र फक्त षोडशमानात असतात. ८४२१३ म्हणजे फोल्डरमधली १४८एफ५ ने संपणारी फाइल. शेवटचा, चालू असलेला लॉग तर क्रमांकाशिवाय नुसता 'ई०१' या नावाने पडलेला असतो. नुसते आकडे जुळवत बसलेला माणूस "लॉगच नाहीत" म्हणून दुरुस्तीकडे वळतो. असं करताना मी दोघांना पाहिलं आहे.

मी कागदावर बावीस नावं लिहून काढली आणि एकेकापुढे बरोबरची खूण करत गेलो. एकवीस सापडली. १४९०३ नव्हती. 'एमएल' पर्यायाने लॉग तपासले, तिथेही तीच गाठ, मधला एक लॉग बेपत्ता. रोजकीर्दीचं मधलं एक पान नाही म्हटल्यावर त्यापुढची सगळी पानं असूनही उपयोगाची नाहीत, कारण व्यवहार क्रमानेच चढतात.

ते पान अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये सापडलं. पहाटे पावणेतीनच्या सुमारास कुठून तरी एक व्हायरसवाली मेल आली असावी. तिचा मजकूर लॉगमध्ये जसाच्या तसा उतरतो, अँटिव्हायरसने तो ओळखला आणि अख्खी लॉग फाइल उचलून कोंडून ठेवली. भरून बंद झालेला लॉग रोजच्या कामात कुणाला लागत नाही, म्हणून सर्व्हर चालू असेतोवर काहीच कळलं नाही. डेटाबेस आणि लॉगचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावे लागतात. आम्ही ते वगळले होते. पण महिनाभरापूर्वी अँटिव्हायरसची नवी आवृत्ती चढवली तेव्हा ती यादी पुसली गेली आणि मी पुन्हा पाहिली नाही. चूक माझी होती. आता प्रत्येक अपडेटनंतर ती यादी उघडून वाचायची, हे काम माझ्या वहीत कायमचं लिहिलेलं आहे.

फाइल बाहेर काढली, जागेवर ठेवली, पुन्हा 'एमएल' चालवलं. बावीसच्या बावीस ठीक.

६. मग 'आर', आणि हात बाजूला.

'आर' म्हणजे रिकव्हरी. हेच खरं काम, लॉग वाचून खतावणी पूर्ण करणं. पडद्यावर शून्यापासून शंभरपर्यंत एक पट्टी येते आणि तिच्याखाली ठिपके उमटत जातात. साठाच्या पुढे ते एकाएकी थांबले. माझ्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "सर, अटकलं वाटते. बंद करून पुन्हा लावू का?" मी त्याचा हात कीबोर्डवरून उचलला. डिस्कचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे काम चालू होतं. काही मिनिटांनी ठिपके पुढे सरकले. 'एमएच' पुन्हा चालवलं. 'क्लीन शटडाउन'. माउंट केला. झाला.

शनिवारी पहाटे तीन-चाळीसला आलेली एक मेल मी मुद्दाम शोधली. ती होती.

७. लोकांना खरं सांगा, आणि लवकर सांगा.

मेल बंद पडली की लोकांना वाटतं, या वेळात आलेल्या सगळ्या मेल हरवल्या. तसं नसतं. समोरच्याचा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवून पुन्हापुन्हा पाठवत राहतो. मेलचे नियम सांगतात की हा प्रयत्न किमान ४ ते ५ दिवस चालू ठेवावा. काही जण त्याआधी सोडून देतात, पण एक-दोन दिवसांत सहसा काही जात नाही. हे मी रविवारी सकाळीच सगळ्यांना कळवलं, व्हॉट्सॲपवर, चार ओळींत. काय झालं, काय शाबूत आहे, पुढची खबर किती वाजता देईन. शेवटची ओळ होती, 'आपल्या कॉम्प्युटरवरचं आउटलुक काढून पुन्हा टाकू नका, त्यातली प्रत लागू शकते.' ती २०१३ ने शिकवली.

खूप वेळ लागणार असं दिसलं तर लोकांना रिकामे मेलबॉक्स उघडून द्यावेत. जुनी मेल दिसणार नाही, पण नवी येईल-जाईल, आणि मागे आपण शांतपणे जुना डेटाबेस सावरून त्यात मिसळू शकतो. एक्स्चेंजमध्ये याला 'डायल टोन' म्हणतात. मला हे २०१३ मध्ये माहीत असतं तर तो कारखाना अडीच दिवस मुका बसला नसता.

८. लॉग साचू लागले की बॅकअपकडे पाहा.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण २०१३ ची खरी चूक 'पी' ही नव्हती. ती आठवडाभर आधी झाली होती.

पूर्ण बॅकअप नीट झाला की एक्स्चेंज जुने लॉग स्वतः काढून टाकतो. त्यामुळे लॉगचा ड्राइव्ह भरत चालला तर त्याचा पहिला अर्थ असा, की बॅकअप होत नाहीये. त्या कारखान्यात बॅकअपच्या प्रोग्रॅमवर रोज हिरवी खूण यायची. ड्राइव्ह मात्र भरत होता. मी काय केलं, तर जागा हवी म्हणून लॉगच निवडून डिलीट केले. किती साधं काम वाटलं होतं ते. लाइन गेली तेव्हा मागची शिल्लक जुनी होती आणि मधली रोजकीर्द मी स्वतःच्या हाताने फाडली होती. जुना बॅकअप आणि त्यानंतरचा प्रत्येक लॉग हाती असता तर लाइन गेली त्या मिनिटापर्यंतची मेल परत उभी करता आली असती, त्या मॅडमच्या फोल्डरसकट.

लॉग हाताने डिलीट करू नका. जागा संपली तर डिस्क वाढवा, नाहीतर लॉग दुसऱ्या डिस्कवर हलवा, आणि बॅकअप का होत नाही ते शोधा. हिरव्या खुणेवर विश्वास ठेवू नका.

९. बॅटऱ्या.

यूपीएसच्या बॅटऱ्या २५ अंशांना धरून बनवलेल्या असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसुद्धा नसलेल्या खोलीत त्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. कंपनी पाच वर्षं म्हणते, मी दोन वर्षं धरतो आणि नवतपा लागण्याआधी लोड टाकून पाहतो. सर्व्हरच्या डिस्क सांभाळणाऱ्या रेड (RAID) कार्डावरही एक छोटी बॅटरी असते, डिस्कवर उतरायचं राहिलेलं लिखाण ती जपते. २०१३ मध्ये ती फुगलेली निघाली, पानं फाटली ती त्यामुळेही.

आणि यूपीएसच्या पाठीमागची ती केबल. लाइन गेली, बॅटरी उतरत आली, हे सर्व्हरला कळवून त्याला रीतसर बंद करणारी. पुराच्या रात्री आमच्या यूपीएसची ती केबल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच्याच डोक्यावर ठेवलेली होती. पाणी चढत असताना वीस मिनिटं सर्व्हर बॅटरीवर चालू होता. केबल जोडलेली असती तर तो स्वतःहून बंद झाला असता, आणि डर्टी शटडाउन हा शब्द मला त्या रविवारी दिसलाच नसता. आता यूपीएस पहिल्या मजल्यावर, सर्व्हरच्या शेजारी आहे, आणि केबल जोडलेली आहे.

ज्या कुणाच्या भरवशावर एखाद्या ऑफिसची मेल आहे, त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात एक तास काढा. कुठल्याही एका माणसाचा मेलबॉक्स बॅकअपमधून वेगळ्या डेटाबेसमध्ये परत आणा, त्याला शेजारी बसवा आणि सर्वात जुनी मेल उघडायला सांगा. ती उघडली तरच तुमच्याकडे बॅकअप आहे.